माथेरानच्या डोंगरावर आगगाडी नेणारे सर आदमजी पीरभॉय

ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळ ते माथेरान ही छोटी आगगाडी तीन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पूर्ण मार्गावर धावू लागली. या वेळी तिच्या डब्यांमध्ये काचेच्या छताचा एक ‘व्हिस्टाडोम’ डबाही होता. डोंगराची कड, दरीतले रान आणि माथ्यावरचे आभाळ जागेवर बसूनच पाहता यावे, ही त्यामागची कल्पना. या गाडीत बसण्यासाठी नेरळच्या फलाटावर गर्दी करणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की हा लोहमार्ग सरकारने बांधलेला नाही आणि एखाद्या बड्या इंग्रज रेल्वे कंपनीनेही बांधलेला नाही. मुंबईतील एका व्यापाऱ्याचा पैसा आणि त्याच्या मुलाची मेहनत यांतून तो उभा राहिला. त्या व्यापाऱ्याचे नाव सर आदमजी पीरभॉय.

आदमजींचा जन्म १८४६ मध्ये काठियावाडातील धोराजी या गावी, दाऊदी बोहरा समाजातील एका सामान्य कुटुंबात झाला. लहान वयातच ते पोटापाण्यासाठी मुंबईत आले. या शहराच्या रस्त्यांवर आगपेट्या विकून त्यांनी उदरनिर्वाहास आरंभ केला, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. तो काळ मुंबईच्या विलक्षण उलथापालथीचा होता. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली होती. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदुस्थानी कापसाला सोन्याचे मोल आले, आणि युद्ध थांबताच मुंबईच्या अनेक पेढ्या एका रात्रीत बुडाल्या. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि वऱ्हाड-विदर्भाचा कापूस थेट मुंबई बंदराच्या दारात जाऊ लागला. आदमजींचे तारुण्य याच वर्षांत घडले. रेल्वे जिथे जाते तिथे व्यापार जातो आणि माणसेही जातात, हे त्यांच्या पिढीने पुस्तकांतून वाचले नव्हते, डोळ्यांनी पाहिले होते.

आगपेट्या विकणाऱ्या या मुलाने पुढे ज्या व्यवसायात नाव काढले, तो होता ब्रिटिश लष्कराला तंबू व अन्य सामान पुरविण्याचा. लष्करी कंत्राट म्हणजे मोठी उलाढाल, आणि तितकीच मोठी जोखीम. ठरल्या दिवशी, ठरल्या मापाचा आणि ठरल्या दर्जाचा माल हजारोंच्या संख्येने पोहोचवावा लागे. त्यात चूक झाली तर कंत्राटही जाई आणि पतही. आदमजींनी ती पत कमावली आणि टिकवली. तंबूंच्या जोडीला ते चामड्याच्या धंद्यात उतरले. धारावीत त्यांनी कातडी कमावण्याचा आणि लष्करी बूट व चामडी सामान तयार करण्याचा मोठा कारखाना उभारला. खाडीकाठच्या कोळीवाड्याची धारावी पुढे चर्मोद्योगाची धारावी झाली आणि दक्षिणेकडून आलेल्या कारागिरांनी तेथे वस्ती केली. त्या परिवर्तनात या कारखान्याचा वाटा मोठा होता. एकोणिसावे शतक संपत आले तेव्हा आदमजी पीरभॉय हे मुंबईतील अग्रगण्य उद्योजकांपैकी एक गणले जात होते.

पैशाबरोबर सार्वजनिक जीवनातील मानही आला. १८९७ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. शेरीफ हे पद मानाचे. शहरातील प्रतिष्ठित नागरिकाला एका वर्षासाठी ते दिले जाई. परंतु ते वर्ष मुंबईला मानवणारे नव्हते. १८९६ च्या उत्तरार्धात सुरू झालेल्या प्लेगने शहर पोखरले होते. माणसे घरेदारे सोडून गावी पळत होती, गिरण्या ओस पडत होत्या. हवा, पाणी आणि राहण्याची जागा यांवर माणसाचे जगणे किती अवलंबून असते, याचा धडा त्या साथीने साऱ्या शहराला दिला. समुद्राच्या मोकळ्या हवेत गरजूंना काही दिवस राहता यावे यासाठी चर्नी रोडला आदमजींच्या नावाने उभे राहिलेले आरोग्यभवन मुंबईकरांना दीर्घकाळ परिचित होते. मुंबईच्या कोंदट वस्त्यांतून बाहेर पडून स्वच्छ हवेत जाण्याची सोय व्हावी, हा विचार माथेरानच्या रेल्वेकडे पाहतानाही ध्यानात ठेवावा लागतो.

माथेरानला बाहेरच्या जगापुढे आणले ते ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, १८५० मध्ये. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तेथे बंगला बांधला आणि मुंबईतील गोरे अधिकारी, पारशी, बोहरी व हिंदू धनिक उन्हाळ्यात माथेरानची वाट धरू लागले. मुंबईहून नेरळपर्यंत आगगाडी होती. खरी अडचण नेरळला उतरल्यावर सुरू होई. समोर सुमारे साडेसातशे मीटर उंचीची खडी चढण उभी असे. ज्याच्या पायांत बळ असेल त्याने चालावे, ज्याच्या खिशात पैसा असेल त्याने घोडा करावा किंवा भोयांच्या खांद्यावरील पालखीत बसावे. वृद्ध, आजारी आणि बेताच्या ऐपतीची माणसे यांना ते डोंगरमाथ्यावरील थंड वारे खालूनच नमस्कार करण्याजोगे होते. ज्यांना हवापालटाची गरज सर्वांत अधिक, त्यांनाच ही वाट सर्वांत अवघड होती.

त्या काळी हिंदुस्थानात डोंगरी रेल्वेचे प्रयोग नवे नव्हते. दार्जिलिंगला १८८१ मध्ये छोटी गाडी पोहोचली होती. निलगिरीच्या दातेरी रुळांवरून १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत वाहतूक सुरू झाली आणि १९०३ मध्ये कालका-शिमला मार्ग खुला झाला. मात्र या प्रत्येक मार्गामागे भक्कम कारण होते. दार्जिलिंगच्या पाठीशी चहाचे मळे होते, शिमला ही उन्हाळ्यातील राजधानी होती, उटकमंड हे मद्रास सरकारचे उन्हाळी ठाणे होते. माथेरानकडे यांतले काहीही नव्हते. तेथे मळे नव्हते, खाणी नव्हत्या, छावणी नव्हती आणि सचिवालयही नव्हते. होती ती फक्त दाट झाडी, लाल मातीच्या वाटा आणि दऱ्यांकडे पाहणारी टोके. पावसाळ्यात तर सारा डोंगर धुक्यात बुडून जाई आणि वस्ती पांगत असे. मालवाहतुकीचे मोठे उत्पन्न नाही, वर्षाचे चार महिने प्रवासी नाहीत, आणि उरलेल्या महिन्यांत केवळ हवा खायला व देखावा पाहायला येणारी माणसे; अशा हिशेबावर लोहमार्ग टाकायला पाठबळ मिळणे कठीण होते.

तो हिशेब आदमजी पीरभॉय यांनी पत्करला. माथेरानच्या रेल्वेसाठी त्या काळचे सुमारे १६ लाख रुपये लागले. प्रत्यक्ष काम उभे केले ते त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी. १९०० च्या सुमारास त्यांनी या मार्गाची कल्पना आखली, १९०४ मध्ये बांधकामाला हात घातला आणि १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोहोचवली. बापाचे धन आणि मुलाची चिकाटी असा हा दुहेरी संकल्प होता, आणि त्यांपैकी एक जरी डळमळला असता तरी हा मार्ग कागदावरच राहिला असता.

या मार्गाची रचना समजून घेतल्याशिवाय पीरभॉय पितापुत्रांनी काय पैजेवर लावले होते, ते कळत नाही. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. नागपूर परिसरातील नॅरोगेज अडीच फुटांची होती; त्याहूनही ही वाट अरुंद. नेरळ ते माथेरान अंतर सुमारे २० किलोमीटर, आणि चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट इतका तीव्र. निलगिरीसारखे दातेरी रूळ येथे घातले नाहीत आणि दार्जिलिंगप्रमाणे गाडी पुढे-मागे करत वर नेण्याची पद्धतही स्वीकारली नाही. त्याऐवजी मार्ग डोंगराच्या अंगाला बिलगून, घोड्याच्या नालेसारखी मोठी वळणे घेत वर चढवला. जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही वाटेवरची स्थानके. वॉटर पाइप स्थानकाचे नावच सांगते, की तहानलेल्या वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी पाजावे लागे. मार्गात बोगदा एकच, तोही इतका आखूड की त्याला ‘वन किस टनेल’ असे खट्याळ नाव पडले.

एवढ्या वळणांवरून सरळ चौकटीचे इंजिन जाणे शक्य नव्हते. म्हणून जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल या कारखान्याकडून चार खास इंजिने मागविण्यात आली. या इंजिनांना चाकांच्या तीन जोड्या होत्या आणि त्यांपैकी पहिल्या व शेवटच्या जोडीचे आस ‘क्लीन-लिंडनर’ पद्धतीचे होते. या पद्धतीत आत एक स्थिर दांडा आणि त्याभोवती पोकळ नळीसारखा आस असतो. वळण आले की बाहेरचा आस किंचित कलतो, चाके रुळाच्या बाकाप्रमाणे वळतात आणि तरीही इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचत राहते. एवढ्याशा युक्तीवर माथेरानचा सारा घाट पुढे पाऊणशे वर्षे चढला गेला.

डबेही तसेच, ठेंगणे, अरुंद, मोठ्या खिडक्यांचे. गुडघ्याला गुडघा लावून बसावे आणि बाहेर पाहत राहावे. अमेरिकेत बर्लिंग्टन रेल्वेने १९४५ मध्ये डब्याच्या छतावर काचेचा घुमट बसवला आणि प्रवाशांना चहूबाजूंचा देखावा खुला करून दिला. असे घुमटाचे डबे पुढे तेथील सहलीच्या गाड्यांचे भूषण ठरले. त्यांतले कित्येक जुने डबे आजही हौशी मंडळी व संस्था जपतात आणि निसर्गरम्य मार्गांवर चालवतात. भारतात काचेच्या छताचे डबे २०१७ पासून अराकू खोऱ्यात आणि कोकणच्या मार्गावर दिसू लागले. प्रवास हेच प्रवासाचे प्रयोजन मानणारी ही दृष्टी माथेरानच्या गाडीत मात्र १९०७ पासूनच होती. ताशी वीस किलोमीटरच्या आत चालणारी, दोन तासांहून अधिक वेळ घेणारी ही गाडी कोणाला घाईने कुठे नेण्यासाठी नव्हतीच. तिची मंद गती हीच तिची खिडकी होती.

१९०७ हे वर्ष आदमजींच्या आयुष्यात शिखराचे ठरले. त्याच वर्षी माथेरानची गाडी सुरू झाली, त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि वर्षाच्या अखेरीस कराचीत भरलेल्या मुस्लिम लीगच्या पहिल्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षस्थानही त्यांच्याकडे आले. लीगची पुढील वाटचाल आज सर्वांना ज्ञात आहे. परंतु १९०७ ची लीग ही सरकारदरबारी मान असलेल्या श्रीमंतांची व जमीनदारांची सभा होती आणि आदमजी तिथे आले ते एक यशस्वी व दानशूर उद्योजक म्हणून. पुढे घडलेल्या इतिहासाचे माप त्यांना लावणे न्यायाचे होणार नाही. पण चरित्रातून ते पान फाडून टाकणेही योग्य नव्हे. १९१३ मध्ये आदमजींचे निधन झाले. आपली गाडी डोंगर चढताना पाहण्यासाठी त्यांना सहा वर्षे मिळाली.

त्यांच्या पश्चात गाडीने बरेच काही पाहिले. स्वातंत्र्यानंतर हा मार्ग मध्य रेल्वेकडे आला. १९५० च्या दशकात जर्मनीहून छोटी डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकात वाफेच्या इंजिनांनी नियमित सेवेतून निरोप घेतला. जुन्या चार इंजिनांपैकी एक नेरळला जपून ठेवले आहे, तर एक ब्रिटनमध्ये पोहोचले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दार्जिलिंगहून एक जुने वाफेचे इंजिन आणून या घाटात पुन्हा धूर काढण्याचा प्रयोगही झाला. २६ जुलै २००५ च्या प्रलयंकारी पावसाने मार्गाचे मोठे नुकसान केले. दुरुस्ती होऊन गाडी पुन्हा धावली ती २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याच्या घटनांनंतर सेवा थांबली आणि २०१८ च्या आरंभी पूर्ववत झाली. २०१९ च्या पावसाने घाटातील रूळ पुन्हा उखडले. त्यानंतर पूर्ण मार्ग खुला व्हायला २०२२ उजाडले.

या साऱ्या काळात गाडीचे स्वरूपही बदलले. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. वाहने दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. त्यामुळे दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंत २०१२ पासून धावणाऱ्या फेऱ्या पर्यटकांइतक्याच तेथील रहिवाशांच्याही उपयोगाच्या ठरल्या. शाळकरी मुले, म्हातारी माणसे, सामानाची पोती, सारे काही याच डब्यांतून जाते. केवळ हौसेची म्हणून सुरू झालेली गाडी एका गावाची गरज होऊन बसली.

येथे नागपूरकर वाचकाला आपल्या घरची गोष्ट आठवल्याशिवाय राहणार नाही. सातपुड्याच्या कुशीतून जाणाऱ्या नॅरोगेजचे जाळे बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत विणले. इतवारीहून सौंसर, रामाकोना, उमरानाला ओलांडत छिंदवाड्याला जाणारी गाडी घाटातील सागाच्या रानातून वाट काढत असे. उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी गाडी शेतकऱ्यांची, विद्यार्थ्यांची आणि आठवडी बाजाराची होती. सौंदर्यात या वाटा माथेरानहून फारशा उण्या नव्हत्या. छिंदवाड्याची नॅरोगेज २०१५ च्या अखेरीस थांबली, नागभीडची २०१९ मध्ये. ब्रॉडगेजची मागणी त्या गावांचीच होती आणि ती रास्तही होती. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीत रोज बसणाऱ्याला देखाव्याचे कौतुक सांगणे हा शहाजोगपणा ठरला असता. मात्र त्या गाड्यांबरोबर एक संपूर्ण प्रवासपद्धती संपली. तिचे अवशेष आज मोतीबागेत, डिसेंबर २००२ मध्ये खुल्या झालेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात, नीट रंगवून आणि नावनिशी लावून ठेवलेले आहेत. जुनी इंजिने, डबे, दिवे, घंटा आणि सिग्नलची यंत्रे पाहून मुले हरखतात. संग्रहालयाचे हे काम मोलाचे आहे, कारण ते नसते तर हेही भंगारात गेले असते.

तरीही उभा डबा आणि धावता डबा यांत अंतर राहतेच. उभ्या डब्याला रंग आणि छप्पर पुरते. धावत्या डब्यासाठी रूळ लागतात, खडी लागते, घाटाची दरड हटवणारे हात लागतात, इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा कारागीर लागतो आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून मार्ग तपासण्याची तयारी लागते. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या तिन्ही डोंगरी रेल्वेंना १९९९ ते २००८ या काळात युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. माथेरानचे नाव संभाव्य यादीपर्यंत पोहोचले. दर्जा मिळाल्याने प्रतिष्ठा वाढते, निधीची वाट सुकर होते. परंतु घाटात वाहून गेलेली खडी कोणत्याही प्रमाणपत्राने परत येत नाही. ती दरवर्षी कोणीतरी टाकावीच लागते.

आदमजींपुढे जो प्रश्न १९०४ मध्ये होता, तोच माथेरानच्या गाडीपुढे प्रत्येक पावसाळ्यानंतर उभा राहतो. ज्या मार्गावर कोळसा, कापूस वा धान्य यांची वाहतूक नाही, त्याचा खर्च कोणी आणि का सोसायचा? तंबू आणि चामड्याच्या धंद्यात पै-पैचा हिशेब ठेवून मोठा झालेला हा माणूस भाबडा नव्हता. १६ लाख म्हणजे काय, हे आगपेट्या विकून सुरुवात केलेल्या माणसाइतके कोणाला कळणार? त्याने ती रक्कम डोंगरात घातली. ज्यांना पालखी परवडत नव्हती त्यांच्यासाठीही त्यामुळे माथेरानची वाट खुली झाली. त्याच्या कारखान्यांची नावे आज सामान्य वाचकाला आठवत नाहीत, त्याने पुरवलेले तंबू केव्हाच जीर्ण होऊन गेले. दोन फुटी रुळांचा तो मार्ग मात्र शतकाहून अधिक काळ, अनेकदा तुटून आणि अनेकदा जोडला जाऊन, डोंगराला धरून आहे. नेरळहून निघालेली गाडी जुम्मापट्टीच्या पुढे पहिल्या मोठ्या वळणावर कण्हत वळते, तेव्हा डब्यातली मुले खिडकीला चिकटतात. त्या खिडकीची किंमत सव्वाशे वर्षांपूर्वी एका धोराजीकराने चुकती केली होती, एवढे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.